बातमी आपल्या हातून पुढे जाते तेव्हा



आम्ही येरळेच्या काठच्या एका गावातल्या बचत गटाच्या बाया बोलतोय. आमची येरळा खटाव तालुक्यातून वाहत येते, सातारा जिल्हा ओलांडून सांगली जिल्ह्यात शिरते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. आमचंही तसंच आहे. गटातल्या निम्म्या जणींचं माहेर साताऱ्यात आणि सासर सांगलीत. त्यामुळे माहेरच्या ग्रुपवर नऊ वाजता आलेला मेसेज सासरच्या ग्रुपवर यायला नऊ वाजून पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

केंद्रावरच्या ताईंनी आम्हाला विचारलं, मोबाइल आल्यापासून बातम्या कशा बदलल्या, यावर बोलाल का? आम्ही म्हटलं, आम्हाला त्यातलं काय कळतंय! पण घरी जाताना वाटेत एकमेकींकडे बघितलं आणि सगळ्यांना एकच दिवस आठवला. आमच्या हातून घडलेली गोष्ट आहे. चांगली नाही. पण झाकून ठेवण्यापेक्षा सांगितलेली बरी.

श्रावणातला दिवस होता. भांगलण उरकून आम्ही दुपारी घरी आलो होतो. आमच्यातल्या एकीच्या फोनवर माहेराकडून मेसेज आला. आपल्या भागात मुलं पळवणारी टोळी आली आहे, बाया भांडी विकायच्या निमित्ताने दारात येतात, सावध राहा आणि हा मेसेज सगळ्यांना पाठवा. सोबत कुठल्यातरी बाईचा फोटो. तिच्या घरात चार वर्षांचा नातू. तिच्या पोटात धस्स झालं. तिने तो मेसेज गटाच्या ग्रुपवर टाकला. आम्ही पंधराजणींनी वाचला आणि प्रत्येकीने तो नणंदेला, जावेला, भाच्याला, शाळेच्या पालकांच्या ग्रुपला पाठवला. कुणाचं वाईट करावं असं कुणाच्याच मनात नव्हतं. लेकरांची काळजी, बस्स.

चारच्या सुमाराला आरडाओरडा ऐकू आला. शाळेच्या बोळात पोरांनी एका बाईला घेरलं होतं. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई. डोक्यावरची पाटी खाली पडलेली, पातेली मातीत लोळत होती. तिच्या काखेत दोन वर्षांचं पोर होतं. ते घाबरून रडत होतं, आणि ते रडतंय म्हणूनच माणसं म्हणत होती की हे हिचं पोर नाही. कुणी तिचं नाव विचारत होतं, कुणी आधार कार्ड मागत होतं, तिघं-चौघं फोन वर धरून चित्रण करत होते. एकाने तिला ढकललं. कपाळाला खोक पडली.

आमच्या गटातल्या आत्यांनी तिला ओळखलं. बारा वर्षं तीच बाई आमच्या गावात येत होती. आत्यांच्या घरातला डबा तिच्याकडचा, आमच्या घरातली परात तिच्याकडची. पण आजकालच्या पोरांना ती माहीत नव्हती. आत्या गर्दीत घुसल्या आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. मग आम्ही बसलो. तेवढ्यात पोलीस पाटील आले. त्यांनी ठाण्यात फोन लावला. अशी कुठलीही टोळी नाही, अशी एकही तक्रार नाही, असं पलीकडून स्पष्ट सांगितलं. ते पोर तिच्या लेकीचं होतं. लेक कामाला गेलेली.

आम्ही त्या पोरांवर चिडलो. तेव्हा त्यातल्या एकाने आपला फोन आमच्यापुढे धरला आणि म्हणाला, “काकी, हे तुम्हीच पाठवलंय की.”

बघितलं. खरंच आम्हीच पाठवलं होतं.

संध्याकाळी घरोघरी एकच सूर. बायांच्या हातात फोन दिला की असंच होणार. पाठवणाऱ्यांत आणि घेरणाऱ्यांत पुरुषही होते, पण बोलणं आमच्यावर आलं. दोन सुनांचे फोन काढून घेतले. बारावीतल्या एका पोरीचा फोन गेला, तिचा क्लास त्याच फोनवर होता, तिचा काहीच दोष नव्हता. तेव्हा आमच्या लक्षात आलं की हा प्रश्न त्या एका मेसेजपुरता नाही. फोन हातात ठेवायचा असेल तर तो वापरायला शिकावं लागेल. म्हणून पुढच्या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर आम्ही याच विषयावर बसलो.

आम्ही सुरुवात मागून केली. पूर्वी आपल्याला बातमी कशी कळायची?

आत्या म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी कोतवाल दवंडी द्यायचा. उद्या ग्रामसभा आहे, परवा लस टोचायला डॉक्टर येणार आहेत. दवंडी कुणी दिली ते साऱ्या गावाला माहीत असायचं. चूक झाली तर लोक त्याच्या दारात जायचे. मग वर्तमानपत्र आलं, पण ते पारावर आणि चहाच्या टपरीवर. पारावर बायांनी बसायचं नाही. म्हणजे छापलेली बातमी आपल्यापर्यंत यायची ती पुरुषांच्या तोंडून, तीही त्यांना सांगावीशी वाटली तरच.

स्वयंपाकघरात पहिल्यांदा शिरला तो रेडिओ. सांगलीचं आकाशवाणी केंद्र १९६३ मध्ये सुरू झालं. भाकरी थापता थापता बाया शेतीचे कार्यक्रम, भक्तिगीतं ऐकू लागल्या. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या लागायच्या. त्या बातम्यांवर पोरं शाळेला निघायची आणि एसटी गाठायची. सुधा नरवणे यांचा आवाज आमच्या आयांना घरातल्या माणसासारखा ओळखीचा होता. बातमी देणारी बाई आधी आपलं नाव सांगायची, केंद्राचं नाव सांगायची, मग बातमी.

पण जुनं ते सगळं सोनं, असंही आम्ही म्हणणार नाही. एकाच तोंडून बातमी यायची, आणि ते तोंड गप्प राहिलं तर आपणही अंधारात. ३१ ऑक्टोबर १९८४ ला सकाळी इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. परदेशी रेडिओ ऐकणाऱ्यांना त्यांच्या निधनाची बातमी दुपारीच कळली. आपल्या आकाशवाणीने ती संध्याकाळी दिली. आणि दुसरं म्हणजे त्या बातम्यांत आमचं गाव नसायचंच. दिल्ली असायची, मुंबई असायची. आमच्या टँकरची, आमच्या दवाखान्याची, आमच्या रेशन दुकानाची बातमी कुठे असणार?

मग मोबाइल आला. आधी घरात एक, तोही मालकाच्या खिशात. २०१६ नंतर नेट स्वस्त झालं आणि जुना फोन पोराकडून आईकडे, नवऱ्याकडून बायकोकडे येऊ लागला. बायांनो, आम्हाला या फोनचं काय मोल आहे ते तुम्हाला सांगायला नको. डाळिंबाचा भाव घरबसल्या कळतो. पावसाचा अंदाज कळतो. सरकारी योजनेची तारीख कळते. जी बातमी पूर्वी आपल्याला सगळ्यांत शेवटी कळायची, ती आता कधी कधी मालकाच्या आधी आपल्याला कळते. हे फार मोठं आहे. ते आम्हाला घालवायचं नाही.

२०१९ चा महापूर आठवा. ऑगस्टचा पहिला पंधरवडा. सांगलीची माणसं पावसाळ्यात एकमेकांना एकच विचारतात, “पुलाखाली किती?” म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फूट. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोक्याची. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. ब्रह्मनाळला, आमची येरळा कृष्णेला मिळते त्या गावात, माणसांना बाहेर काढताना बोट उलटली आणि माणसं बुडाली. त्या दिवसांत माळ्यावर अडकलेल्या माणसांनी मोबाइलवरूनच हाका दिल्या. आमच्याकडच्या चुलींवर भाकऱ्या भाजल्या जात होत्या, त्या कुठल्या गावात पोचवायच्या हे मेसेजवरूनच ठरत होतं. फोन होता म्हणून हे झालं.

पण महापुरात पाणी वाढतंय की उतरतंय, धरणातून किती सोडलंय, हा आकडा चुकीचा गेला तर काय होईल? कालचा आकडा आज फिरला तर माणूस घर सोडायचं की नाही हे चुकीचं ठरवील. म्हणजे ज्या फोनने जीव वाचतो, त्याच फोनने जीव जाऊ शकतो. आणि असे जीव गेलेत.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. त्या दिवशी आठवडी बाजार होता. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. त्यातले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, म्हणजे आपल्या जतच्या शेजारचे. त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. लोकांनी संशय घेतला, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे मारून टाकलं. पाचही जणांना. टोळी वगैरे काही नव्हती. त्यांची घरं उघड्यावर पडली.

तुम्ही म्हणाल, धुळे लांब आहे. मग जवळचं ऐका. सप्टेंबर २०२२. सांगली जिल्हा, जत तालुका, लवंगा गाव. उत्तर प्रदेशातले चार साधू गाडीने पंढरपूरकडे निघाले होते. वाटेत त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला. तेवढंच. मुलं पळवणारे आले असं समजून लोकांनी त्यांना काठ्यांनी, पट्ट्यांनी मारलं. पोलिसांनी चौकशी केली तर ते खरेच साधू. त्यांचा जीव वाचला, पण मारहाणीचं चित्रण देशभर फिरलं आणि आपल्या जिल्ह्याचं नाव त्यासोबत फिरलं. मारणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. त्यांच्याही घरात आया होत्या, बायका होत्या. कोर्टाच्या खेपा त्यांच्याही नशिबी आल्या.

आणि साताऱ्याकडची गोष्ट. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून दंगल उसळली. एका तरुणाचा जीव गेला. घरं-दुकानं जळाली. जिल्ह्यातलं इंटरनेट बंद करावं लागलं. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या लग्नात पंगती उठल्या, त्या भागात शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने बघू लागला.

एक गोष्ट तर आम्हाला कळली तेव्हा आम्ही थक्कच झालो. २०१८ मध्ये देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यावर खेळणारं पोर उचलून नेतात. बघणाऱ्याचं काळीज हलतं. तो व्हिडिओ आपल्या देशातला नव्हताच. पाकिस्तानात कराचीतल्या एका संस्थेने आईबापांना सावध करण्यासाठी केलेली ती जाहिरात होती. मूळ चित्रात ती माणसं पोराला परत आणून सोडतात आणि मुलांची काळजी घ्या असा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला आणि पुढे पाठवला. काळजी घ्यायला सांगणारं चित्र होतं, शेवट कापल्यावर तेच माणसांच्या जिवावर उठलं.

आता हे सगळं ऐकून आम्ही केंद्रावरच्या ताईंना विचारलं, मग तुम्ही रेडिओवर बातम्या देताना काय करता? त्या हसल्या. म्हणाल्या, आम्हाला बातम्या देताच येत नाहीत.

आम्हाला नवल वाटलं. त्यांनी नीट सांगितलं. आपल्या देशात आधी शाळा-कॉलेजांना आणि २००६ पासून गावपातळीवर काम करणाऱ्या संस्थांनाही असं छोटं केंद्र चालवायची परवानगी मिळू लागली. शंभर वॅटचं यंत्र, तीस मीटरपर्यंतचा मनोरा, आवाज आसपासच्या गावांपर्यंतच. निम्मे कार्यक्रम तरी तिथल्या लोकांनी तिथल्या लोकांसाठी केलेले हवेत. पण राजकारणाच्या आणि घडामोडींच्या स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत. द्यायच्या तर आकाशवाणीच्याच, त्यात फेरफार न करता. हवामान, वाहतूक, परीक्षेची माहिती, पाणी-विजेच्या सूचना, प्रशासनाने दिलेला पुराचा किंवा साथीचा इशारा, हे मात्र सांगता येतं. आणि जे जे प्रसारित केलं त्याचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवायचं. उद्या कुणी विचारलं, तुम्ही असं बोललात का, तर दाखवता आलं पाहिजे.

हा नियम बरोबर की चूक, यावर आमच्यात वाद झाला. काही जणी म्हणाल्या, गावच्या रेडिओने गावची बातमी द्यायची नाही, हा कुठला न्याय? त्यांचं म्हणणं आम्हाला पटतं. पण वाद चालू असताना आमच्यातली एक सहज बोलून गेली. म्हणाली, बघा गं, ज्या केंद्राला दार आहे, पाटी आहे, बोलणाऱ्याचं नाव आहे, त्याच्यावर एवढी बंधनं. आणि आपण नाव ना गाव असलेला मेसेज एका बोटाने पाचशे जणांना पाठवतो, आपल्याला विचारणारं कुणी नाही.

तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. आपण मेसेज पुढे पाठवतो तेव्हा आपण नुसत्या वाचणाऱ्या किंवा ऐकणाऱ्या राहत नाही. आपण प्रसारण करतो. पंधरा जणींचा गट. प्रत्येकीच्या फोनमध्ये सात-आठ ग्रुप. प्रत्येक ग्रुपात शे-दीडशे माणसं. आमच्या छोट्याशा गटाचा आवाज या रेडिओच्या मनोऱ्यापेक्षा लांब जातो. मग जबाबदारीही रेडिओइतकीच घ्यायला नको का?

एक आणखी लक्षात घ्या. अनोळखी नंबरवरून आलेला मेसेज आपण पटकन खरा मानत नाही. पण तोच मेसेज मामीकडून आला, गटाच्या अध्यक्षाबाईंकडून आला, तर मानतो. म्हणजे मेसेजला पत आपल्या नावाने मिळते. बचत गटात आपण काय करतो? एखादीला कर्ज देताना बाकीच्या जणी तिच्या मागे उभ्या राहतात. अनोळखी माणसाला आपण कधी असं जामीन राहू का? नाही ना. मग अनोळखी मेसेजला रोज जामीन का राहतो?

म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवल्या. त्या सांगतो. तुम्हाला जमतील त्या घ्या.

पहिली. मेसेज आला की तीन प्रश्न. कोण सांगतंय? कुठलं आहे? कधीचं आहे? “सर्वांना कळवा”, “आत्ताच टीव्हीवर सांगितलं” असं लिहिलेलं असतं, पण सांगणाऱ्याचं नाव नसतं. ज्याला नाव नाही, गाव नाही, तारीख नाही, ती बातमी नाही.

दुसरी. बाणाची खूण बघायची. व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलेल्या मेसेजवर एक बाण असतो. फार वेळा फिरलेल्या मेसेजवर दोन बाण असतात. आपल्या देशात २०१८ मध्ये मारहाणीच्या घटना झाल्यावर कंपनीने एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा घातली. २०२० पासून दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. म्हणजे फोन आपल्याला सांगत असतो, बाई जरा थांब. आपणच थांबत नाही. दोन बाण दिसले म्हणजे ते खोटंच असं नाही. पण मूळ कुणी लिहिलं ते हरवलंय, हे नक्की.

तिसरी. ज्या मेसेजने छातीत धडधड होते किंवा राग येतो, तो लगेच पाठवायचा नाही. एक रात्र जाऊ द्यायची. खरी बातमी सकाळीही खरीच असते. आणि खरंच जिवाचा प्रश्न असेल, दारात धोका दिसत असेल, तर ग्रुपवर टाकण्याऐवजी ११२ ला फोन करायचा. मुलाचा प्रश्न असेल तर १०९८. ग्रुपवरची पाचशे माणसं पोलिसांचं काम करू शकत नाहीत, गर्दी मात्र होऊ शकतात.

चौथी. दर आठवड्याला गटातल्या दोघी राखणीला. शेताला राखण लागते तशी ग्रुपलाही लागते. शंका आली तर बाकीच्या जणी त्या दोघींना दाखवतात. त्या पोलीस पाटलांना, आशाताईंना, तलाठ्यांना किंवा बँकेत विचारतात. योजनेचा मेसेज असेल तर अंगणवाडी सेविकेला किंवा ग्रामपंचायतीत विचारतात. पैसे मिळतील, इथे दाबा, असं लिहिलेलं असेल तर दाबायचं नाहीच. पैशाची फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० ला फोन. सुरुवातीला आम्हाला वाटलं, ही उठाठेव कोण करणार? पण दोघींना आठवड्यात तीन-चार वेळाच विचारावं लागतं. हळूहळू बाकीच्या जणी आपणहूनच गाळू लागल्या.

पाचवी, आणि आम्हाला सगळ्यांत जड गेलेली. चूक झाली तर जिथे जिथे पाठवलं तिथे तिथे दुरुस्ती पाठवायची. नुसतं पुसून टाकून गप्प बसायचं नाही. त्या दिवशीच्या मेसेजबद्दल आम्ही लिहिलं, “आम्ही पाठवलेला मेसेज खोटा होता. पोलीस ठाण्यात विचारून खात्री केली आहे. आमच्या चुकीने एका बाईला मार बसला. कृपया पुढे पाठवू नका.” खाली आमची नावं लिहिली. लाज वाटली. चार जण हसले. पण त्यानंतर आमच्या ग्रुपवरचा शब्द लोक मानू लागले.

कायद्याचंही थोडं सांगतो, कारण ग्रुप चालवणाऱ्या बाया फार घाबरतात. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की दुसऱ्याने काही आक्षेपार्ह टाकलं, तर केवळ ॲडमिन आहे म्हणून ॲडमिन दोषी ठरत नाही, तिचा त्यात हात असला पाहिजे. म्हणून ग्रुप बंद करू नका. पण जाणूनबुजून अफवा पसरवून लोकांत भीती किंवा तेढ निर्माण करणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३५३ कलमाखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

आता शेवटची गोष्ट. हे नको, ते नको, एवढंच सांगून आम्ही थांबणार नाही. खोटी बातमी वेगाने पसरते याचं एक कारण म्हणजे आपल्या गावची खरी बातमी कुणी सांगतच नाही. जागा रिकामी राहते आणि तिथे काहीही उगवतं. ती जागा आपण भरू शकतो. माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंग हे केंद्र २००८ मध्ये सुरू झालं, आणि तिथे बाया स्वतः माइकपुढे बसतात. जत तालुक्यात जालिहाळला येरळा वाणी आहे. तेलंगणातल्या माचनूरला दलित शेतकरी बायांनी २००८ मध्येच आपला संगम रेडिओ सुरू केला. उत्तर प्रदेशात चित्रकूटला २००२ मध्ये गावातल्या बायांनी खबर लहरिया नावाचं वर्तमानपत्र काढलं. त्यातल्या कित्येकींचं शिक्षण कमी होतं. आता त्याच बाया मोबाइल घेऊन रस्त्याची, पाण्याची, बायांवरच्या अत्याचाराची बातमी चित्रित करतात. नावानिशी, जागेवर जाऊन, दोन्ही बाजूंना विचारून.

आम्ही एवढं मोठं काही केलेलं नाही. आम्ही दर शनिवारी आमच्या ग्रुपवर गावच्या चार खऱ्या गोष्टी आवाजात टाकतो. टँकर कधी येणार, ते ग्रामसेवकांना विचारून. दवाखान्यात डॉक्टर कधी बसणार, ते आशाताईंना विचारून. डाळिंबाला काल काय भाव मिळाला, ते पट्टी बघून. बोलणारी आधी आपलं नाव सांगते, मग कुणाकडून कळलं ते सांगते, मग बातमी. अगदी सात-पाचच्या बातम्यांसारखं. ज्या पोरीचा फोन काढून घेतला होता, तीच आता आम्हाला ते करायला शिकवते. फोन तिला परत मिळाला. मिळवून द्यायला आम्ही चौघी तिच्या घरी गेलो होतो.

भांडीवाल्या बाईंचंही सांगायला हवं. त्या वर्षभर आमच्या गावात आल्या नाहीत. आत्यांनी बाजारात त्यांना दोनदा गाठलं. मागच्या दिवाळीत त्या आल्या, पण पोर सोबत नव्हतं, आणि शाळेच्या बोळातून न येता लांबून, ओढ्याच्या बाजूने आल्या. आम्ही चहा दिला. त्यांनी घेतला. त्या दिवसाबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि आम्हालाही बोलवलं नाही. कपाळावरची खूण अजून दिसते.

तर बायांनो, तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते झाले की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीने आपला फोन उघडून गेल्या आठवड्यात आपण पुढे पाठवलेला एक मेसेज मोठ्याने वाचायचा आणि सांगायचं, हा मी कुणाला विचारून पाठवला. आमच्या पहिल्या बैठकीत पंधराजणींपैकी एकीलाही उत्तर देता आलं नव्हतं. तुमच्याकडे काय होतं, ते आम्हाला केंद्रावर कळवा. नावासकट कळवा.